कायमचं काम, तात्पुरता माणूस

मुंबईतल्या माहुलच्या बी. डी. पाटील मार्गावर आज हिंदुस्थान पेट्रोलियमची जी रिफायनरी आहे, ती १९५४ साली स्टॅनव्हॅक या अमेरिकी कंपनीची म्हणून सुरू झाली. पुढे ती एस्सोची झाली आणि १९७४ मध्ये सरकारकडे आली. एवढा इतिहास या भागातल्या जुन्या माणसांना पाठ असतो. त्याच रिफायनरीतल्या सदुसष्ट सफाई कामगारांचा खटला मात्र फारसा कुणाला आठवत नाही. आयटीत कॉन्ट्रॅक्ट शोधत फिरणाऱ्या आजच्या मुलांना तर तो कुणी सांगितलेलाच नसतो.

प्लांट आणि आवार साफ ठेवायचं काम कंपनीने ठेकेदाराला दिलं होतं. ठेका वर्षावर्षाचा, त्यामुळे माणसांची रोजीही वर्षावर्षाचीच. शेजारी काम करणाऱ्या कायम कामगाराला बोनस, रजा, औषधपाणी. यांना त्यातलं काही नाही. ठेका बंद करा, अशी मागणी पुढे आली. ती लावून धरली ती रिफायनरीच्या कायम कामगारांनी. कंपनीचा पहिला बचाव अपेक्षितच होता: ही माणसं आमची नाहीत, ठेकेदाराची आहेत, मग आमच्या कामगारांनी त्यांचा तंटा उकरायचं कारण काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये तो बचाव फेटाळला. दोन्हीकडच्या कामगारांचं हित एकमेकांत गुंतलेलं आहे, तेव्हा कायम कामगारांना हा तंटा नेता येतो, असं न्यायालयाने मानलं आणि ठेका बंद करण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश उचलून धरला.

तो निकाल देताना न्यायालयाने जे पाहिलं ते साधं होतं. काम बारमाही आहे का? कारखान्याला ते आवश्यक आहे का? पूर्णवेळ माणसं गुंतून राहतील इतकं आहे का? आणि इतर ठिकाणी ते कायम माणसांकडूनच करून घेतात का? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमात याच कसोट्या जवळजवळ जशाच्या तशा आल्या. देशभरच्या ठेका कामगारांना लागू झालेला विचार माहुलच्या झाडलोटीतून निघाला, याचं या भागाला कौतुक असायला हरकत नाही.

आता या कसोट्या एखाद्या बँकेच्या मोबाइल ॲपला लावा. दर महिन्याला नवं रिलीज येतं, दर रिलीजला रिग्रेशन टेस्टिंग लागतं. ॲप आहे तोवर ते थांबणार नाही. काम बारमाही, आवश्यक, पूर्णवेळ. ते करणारी मुलगी मात्र सहा महिन्यांची, ‘एक्स्टेंडेबल’. तिच्याआधीही सहा-सहा महिन्यांची माणसं येऊन गेलेली असतात, आणि प्रत्येक जण पुढच्याला तीच एक्सेल शीट देऊन जातो.

बाजार वाईट आहे, हे खरंच. टीसीएसची मनुष्यसंख्या २०२३-२४ या वर्षात तेरा हजारांहून अधिक घटली. शेअर बाजारात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. जुलै २०२५ मध्ये कंपनीने साधारण दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. माझ्या मते त्याहून बोलकी गोष्ट त्याच वर्षीच्या जूनमधली होती. वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग झालं पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांहून अधिक राहता येणार नाही, असा नियम त्या कंपनीत आला. पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्ट यांच्यात इतकी वर्षं जी भिंत होती, ती म्हणजे बेंचच. क्लायंटचं काम संपलं तरी पगार चालू, याचंच नाव कायम नोकरी. ती भिंत आता पस्तीस दिवस उंच उरली आहे.

माहुलच्या आंबापाड्यात माझ्या ओळखीचं एक घर आहे. वडील रिगर, रिफायनरीत शटडाऊन लागला की ठेकेदाराकडून आत जातात. मुलगा टेस्टिंगमध्ये, चार महिने घरी बसून होता, मग एक कॉन्ट्रॅक्ट मिळालं. वडिलांनी विचारलं, “तुझा मुकादम कोण?” मुलगा सांगू लागला. काम बँकेचं. बँकेने ते दिलं एका आयटी कंपनीला. त्या कंपनीला माणसं पुरवतो एक व्हेंडर, आणि ऑफर लेटर आलंय त्या व्हेंडरच्या सब-व्हेंडरकडून. वडील म्हणाले, “म्हणजे पगार अडला तर जाऊन बसायचं कुणाच्या दारात?” त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. एचआरचा जो नंबर होता तो व्हॉट्सॲपवरच चालायचा.

इथे शटडाऊनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ठेका म्हणजे सरसकट वाईट असं मी मानत नाही. युनिट बंद करायचं, उघडायचं, तपासायचं, दुरुस्त करून पुन्हा चालू करायचं: या काही आठवड्यांत एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेल्डर, फिटर, रिगर लागतात आणि नंतर लागत नाहीत. ते काम मुळातच तात्पुरतं आहे. आयटीतही असं काम असतं. जुनी सिस्टिम नव्यावर न्यायची, जीएसटीसारखा बदल एका तारखेच्या आत बसवायचा, २००० सालाआधी वायटूकेसाठी दोन आकडी वर्षं शोधून दुरुस्त करायची. अशा कामाला कॉन्ट्रॅक्ट रास्त आहे आणि त्याचा दरही चढा हवा. आपल्याकडची अडचण अशी की अस्थिरता कॉन्ट्रॅक्टची आणि दर मात्र पर्मनंटचा, कधी त्याहूनही कमी.

हिशेब अवघड नाही. कायम नोकरीत महिना साठ हजार मिळत असतील तर वर्षाचे सात लाख वीस हजार. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन कामांच्या मध्ये मिळून तीन महिने रिकामे गेले, तर तेवढेच पैसे नऊ महिन्यांत यायला हवेत. म्हणजे महिना ऐंशी हजार, आणि यात भरपगारी रजा नाही, मेडिक्लेम नाही. पीएफचीही गंमत असते. पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा टक्के म्हणजे अठराशे रुपये तुमचे आणि अठराशे मालकाचे. पण सीटीसीच्या तक्त्यात दोन्ही अठराशे तुमच्याच आकड्यातून गेलेले दिसतात. निदान ते जमा तरी होतात का, हे ईपीएफओच्या पासबुकात दर महिन्याला पाहता येतं. मुलं रेट विचारतात, टेक्नॉलॉजी विचारतात, वर्क फ्रॉम होम विचारतात. पेरोल कुणाचा आणि मध्ये किती हात, हे विचारायला लाजतात. मधला प्रत्येक हात आपला वाटा आधी काढून घेतो, तेव्हा या प्रश्नाला लाजण्यासारखं काही नाही.

घरून काम करण्याबद्दल विचारण्याला मात्र माहुलमध्ये वेगळं वजन आहे. तानसा जलवाहिनीलगतची विद्याविहार-घाटकोपरकडची घरं तुटली आणि हजारो कुटुंबं इथल्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत आली. इथली हवा राहण्याजोगी नाही हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत मान्य झालं. इथे राहायला न येणाऱ्यांना महिना पंधरा हजार भाडं द्या, असा आदेश झाला. घाटकोपरच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारी पोरं एकदम बसवर अवलंबून झाली. ऐरोली किंवा मालाडला दुपारी दोनला ‘वॉक-इन’ असेल तर इथून निघायचं केव्हा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ‘इमिजिएट जॉइनर’ हवा म्हणणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही.

मग कायदा काय करतो? २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेक्यावर बंदी आली म्हणून ठेक्यावरची माणसं आपोआप कायम होत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेचं ५७ वं कलम आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई करतं. वाचायला बरं वाटतं. पण ते काम एरवी ठेक्यावरच होत असेल किंवा अचानक वाढलं असेल तर सूट आहे. बँक म्हणणार, आमचं मुख्य काम बँकिंग, कोडिंग नव्हे. स्टाफिंग कंपनीने माणसाला आपल्या पेरोलवर नियमित ठेवलं, इन्क्रिमेंट आणि सामाजिक सुरक्षा दिली, तर तो व्याख्येनुसार कंत्राटी कामगारच उरत नाही. आणि झाडणं-पुसणं? ते आता मुख्य कामात न मोडणाऱ्या यादीत नाव घेऊन बसवलं आहे. ज्या कामावरून माहुलच्या माणसांनी १९६० चा निकाल मिळवला, नेमकं तेच. याला योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही.

एक सुधारणा मात्र पदरात पडली आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. आधी पाच वर्षं लागत. ऑफर लेटरवर अकरा महिने लिहिलेले दिसले तर ते का, हे आता कळायला हवं. मालकाशी थेट कराराची मुदतीची नेमणूक आणि तिसऱ्याच्या पेरोलवरचं कॉन्ट्रॅक्ट यांत निवड असेल तर मी पहिलं घ्या म्हणेन, चार पैसे कमी असले तरी.

पण कलमांहून मला त्या जुन्या खटल्यातली बाजू मांडणारी माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. कायम कामगारांना तेव्हा स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं. आजच्या ऑफिसात वेगळ्या रंगाच्या लेनयार्डवाल्याला टीम लंचला बोलवायचं का, यावर ईमेल फिरतात. ज्याच्या गळ्यात पर्मनंटची पट्टी आहे त्याने कॉन्ट्रॅक्टवरच्या शेजाऱ्याला कधी विचारलेलं नसतं, तुझा पगार किती येतो आणि आम्ही तुझ्यासाठी किती मोजतो. त्यातला दुसरा आकडा प्रोजेक्ट मॅनेजरच्या शीटमध्ये असतो. बेंच पस्तीस दिवसांवर आल्यानंतर हा प्रश्न आता कायमवाल्याच्याही कामाचा आहे, कारण छत्तिसाव्या दिवशी त्याचा सीव्ही ज्या व्हेंडरकडे जाणार, तो बहुधा या शेजाऱ्याचाच.