पेटतेय ना?

घरातली ट्यूब कधी बदलावी, या प्रश्नावर आमच्या दादरच्या घरात आजवर मतभेद झालेला नाही. ती पेटेनाशी झाली की! तेव्हासुद्धा घाई करायची नाही. आधी स्टार्टर काढून पुन्हा बसवायचा, मग ट्यूब जागच्या जागी फिरवायची, मग चोकला शिव्या द्यायच्या आणि शेवटी स्टुलावर उभं राहून तिला एक हलकी टपली मारायची. टपलीवर पेटलेल्या ट्यूबा मी पुढे दोन-दोन वर्षं चालवल्या आहेत. अशा माणसाला अमेरिकेतल्या भाच्याने चांगल्या पेटत्या ट्यूबांचा वारस निवडायला सांगावं, यापरता दैवदुर्विलास कोणता?

भाचा न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. त्याच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीची काचेची पेटी आहे. पेटीत खारं पाणी, पाण्यात खडक आणि खडकांवर जिवंत पोवळी. पोवळं म्हणजे मंगळ कडक असलेल्याने अंगठीत घालायची वस्तू, एवढंच माझं प्रवाळशास्त्र. भाच्याने पहिल्याच दिवशी ते दुरुस्त केलं. पोवळं हा प्राणी असतो. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देतं. भाडेकरू घरमालकाला जेवू घालतो, हे ऐकून मुंबईकर या नात्याने मला गहिवरून आलं.

हिला तर अशी पेटी दादरलाच हवीशी वाटली. म्हटलं, "विचारसुद्धा करू नकोस. आपल्याकडे २००१ साली प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसली. आमच्या मालवणच्या समुद्रातही आहेत ती. तिथं सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी पाण्यात डोकावून बघावीत आणि हात हलवत परत यावं." भाच्याकडची पोवळी मात्र तिथल्या छंदिष्टांनी आपापल्या पेटीत वाढवून, त्याचे तुकडे एकमेकांना दिलेली. आपण शेजारी विरजण देतो तशी.

तर पेटीवर ५४ वॉटच्या सहा ट्यूबा. हल्ली पुष्कळ लोक एलईडी लावतात, पण भाचा ट्यूबनिष्ठ. तो म्हणाला, "मामा, ट्यूबा बदलायच्यात. निळ्या घेऊ की पांढऱ्या? तुम्हीच सांगा."

"अरे, पण पेटतायत ना?"

"वर्ष उलटलं, मामा."

"वर्षाने काय होतंय? आमची न्हाणीघरातली..."

"मामा, रंग बोला."

रंगांची यादी उघडली, तर तीत दहा हजार, चौदा हजार आणि वीस हजार केल्विन! सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विनचा. सूर्यनारायणाच्या तिपटीहून वरचढ ऐवज हे चार फुटी नळीत घालून घरपोच देणार! मग कळलं, की आकडा रंगाचा आहे, उष्णतेचा नव्हे. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरांतच गडप होतो आणि निळा खोलवर जातो, म्हणून हा निळ्याचा मान.

भाचेसून निळ्याच्या बाजूची. शनिवारी पाहुणे येणार होते आणि निळ्या उजेडात पोवळी हिरवी-केशरी चमकतात, अगदी गणपतीच्या आराशीसारखी. मी ताडकन पांढऱ्याच्या बाजूला गेलो. म्हणालो, "आपल्या हौसेपायी मुक्या जीवांना अंधारात ठेवायचं? उजेड असतो कुणासाठी? बघणाऱ्यासाठी की जगणाऱ्यासाठी?" वाक्य मलाच इतकं आवडलं, की जेवताना मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

भाच्याने वाद घातला नाही. छंदिष्टांच्या मंडळाकडून त्याने एक मापक आणला होता. शेवाळाला उपयोगी पडतो तेवढाच उजेड तो मोजतो. वर्षापूर्वी नव्या ट्यूबा लावल्या तेव्हा वहीत आकडा होता २००. आज भरला १२५. माझ्या डोळ्याला तीळभर फरक दिसत नव्हता. रोज थोडा थोडा उणा होणारा उजेड डोळा रोज थोडा थोडा माफ करतो.

मग त्याने एक नवी पांढरी आणि एक नवी निळी ट्यूब आळीपाळीने लावली. पांढरीने डोळे दिपले. निळी मला झोपायच्या खोलीतल्या दिव्यासारखी वाटली. मापक म्हणाला, निळी काही मागे नाही! कारण असं, की माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला भरभरून गुण देतो आणि निळ्याला हात राखून. शेवाळाची तपासणी वेगळी, निळ्यावर त्याचं छान चालतं. माझा साक्षीदारच असा फितूर निघाला. उजेड जगणाऱ्यासाठी असतो हे माझं तत्त्व खरंच होतं. पण तो पुरतो की नाही, हे ठरवायला मी बघणाऱ्यालाच, म्हणजे स्वतःलाच, बसवलं होतं.

अखेर चार निळ्या, दोन पांढऱ्या असा तह झाला. तरी भाच्याने नव्या ट्यूबा एकदम लावल्या नाहीत. दिवे वर टांगले, तास कमी केले आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत आणायचे ठरवले. मंद उजेडाची सवय झालेल्या पोवळ्यावर एकदम प्रखर उजेड पडला, तर ते आतल्या भाडेकरूंना बाहेर काढतं आणि स्वतः पांढरंफटक पडतं.

त्या रात्री मला झोप लागेना. मालवणचे अण्णा डोळ्यांसमोर येत होते. माझे थोरले भाऊ. आई गेल्यावर घर सांभाळायला तेच मागे राहिले. मी पहिल्या तारखेला पैसे पाठवतो, रविवारी फोन करतो. "बरा आसा मा?" "बरा आसा." एक रविवार चुकलेला नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो. पेटतेय ना? पेटतेय! पण ही ट्यूब बसवली कधी? आणि तिकडे मालवणला किती उजेड पडतो, ते मी मोजत होतो इथून, माझ्या डोळ्याने.

परत आल्यावर थेट मालवण गाठलं. कार्य नव्हतं, कोर्टाची तारीख नव्हती, आंबेही नव्हते. मी रोज बाजारातून मासळी आणू लागलो, दुपारभर खळ्यात अण्णांशेजारी बसू लागलो, रात्री त्यांचे पाय चेपायलाही गेलो. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला माडाखाली नेलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खरा सांग. डाक्टरान काय सांगल्यान तुका?"

मी चपापलो. दिवा आधी वर टांगायचा असतो, हे विसरलोच होतो. म्हणालो, "काय नाय हो अण्णा. परवा जातंय. फुडल्या म्हयन्यात चार दिवस येयन."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री ते पोटभर जेवले. निघायच्या दिवशी एस.टी. सुटता सुटता मात्र खिडकीशी आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "फुडल्या म्हयन्यात खरोच येतलंस मा?"