पाळायचा दिवस

नोव्हेंबरातला रविवार, लोणावळ्यात हंगामाच्या सणाची उपासना. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, भोपळे, कुणीतरी आणलेली कोंबडी. नंतर त्यांचा लिलाव व्हायचा होता. शेजारी बसलेला भाचा हळूच म्हणाला, ‘‘मामा, नव्या करारात हा सण कुठे सांगितलाय? आपण पुन्हा दिवस पाळायला लागलो की!’’ आठवडा उलटला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्याचा आधार ठाऊक आहे. दिवस पाळण्यावरून पौलाने गलतीकरांना फटकारले. त्याच पौलाने रोमकरांना लिहिताना दिवस मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही मोकळे सोडले, हे वाचकांना सांगायला नको.

मी एक भेद मानत आलो आहे. सुतक पाळतात, सण साजरा करतात. पाळण्यात चुकण्याची धास्ती असते. साजरे करताना मन भरून आलेले असते. पौलाचा राग पाळण्यावर आहे, असे मी भाच्याला सांगणार होतो.

भाच्याची बाजू जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. पण उपासाचे आणि उपकारस्तुतीचे दिवस तेच सरकार जाहीर करी. नाताळ न मानणाऱ्या स्कॉटिश मंडळ्याही प्रभुभोजनानंतरचा सोमवार उपकारस्तुतीला ठेवत. सण नको म्हणणाऱ्यांनाही आभाराला दिवस लागलाच. याला भाच्याकडे उत्तर नाही.

आणि हे मावळ आहे. वडगावच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला इंद्रायणी शिजू लागला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. कोकणात नव्याच्या पौर्णिमेला दारावर नव्या लोंब्या बांधतात. नवे धान्य घरात आले की माणसाला कुणापुढे तरी हात जोडावेसे वाटतात. धर्म कुठलाही असो.

पण इथेच माझा भेद तुटला. एका वर्षी अवकाळी पाऊस आला, कापलेल्या भाताला खाचरातच मोड आले. तेव्हा मन कशाने भरून यावे? नुसते साजरे करण्यावर विसंबलो असतो, तर वेदी रिकामी राहिली असती. उपासना झाली, कारण तो दिवस ठरलेला होता. कुणीतरी काळवंडलेल्या लोंब्यांची एक पेंढी आणून ठेवली.

गलतीकर दिवस पाळून देवापुढे नीतिमान ठरू पाहत होते. आम्हाला या दिवसातून काही मिळवायचे नाही, मिळाल्याची पोच द्यायची आहे. आणि पोच मिळकत कमी झाली तरी द्यावी लागते.

तेव्हा भाच्याचा शब्द मला मान्य आहे. आपण दिवस पाळतो. पुढच्या नोव्हेंबरातही पाळू.