पूर्वजन्माचें पाप आणि शेजाऱ्याचें दुःख



मनुष्य मेल्यावर त्याचा आत्मा कोठें जातो, हा प्रश्न खेड्यापाड्यांत ग्रंथांतून निघत नाहीं. तो घरांतून निघतो. माणूस जेथें गेला त्या जागीं दिवा लावावा, पीठ पसरून झांकून ठेवावें, आणि सकाळीं त्यावर कोणत्या प्राण्याचीं पावलें उमटलीं तें पाहावें, ही चाल कित्येक घराण्यांत वाडवडिलांपासून होती. नातवाच्या अंगावर आजोबांसारखी खूण दिसली कीं 'म्हातारबाबा परत आले' असें घरचीं माणसें हर्षानें म्हणतात. आणि एखादें मूल वांकड्या पावलाचें जन्मलें कीं हलक्या आवाजांत निराळेंच वाक्य निघतें, 'मागल्या जन्मींचें असेल कांहीं.' ह्या तिन्ही गोष्टी एकाच मतांतून निघाल्या आहेत, तरी त्या सारख्या नव्हेत. पहिल्या दोहोंत मेलेल्याविषयींची माया आहे. तिसरींत जिवंतावर ठेवलेला आरोप आहे. आज विचार करावयाचा तो ह्या तिसरीचा.

पुनर्जन्माचें मत हलकें समजून त्याची थट्टा करणें आम्हां ख्रिस्ती लोकांस शोभत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें आहे. तेथें शके 1212, म्हणजे इ. स. 1290 सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली. जीर्ण वस्त्र टाकून नवें घ्यावें तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेंतील दृष्टांत त्या टीकेमुळें मराठी शेतकऱ्याच्याही ओळखीचा झाला. तुकारामांनीं तर संतांच्या संगतीसाठीं पुन्हा गर्भवास पत्करण्याची तयारी दाखविली. शिवाय ह्या मताच्या मुळाशीं न्यायाची भूक आहे. पेरावें तसें उगवतें, केलेलें कोठेंही वायां जात नाहीं, असें जो मानतो तो कांहीं अधर्म मानीत नाहीं. स्वतःच्या आचरणास लाविलेला हा विचार पुष्कळांस दुष्कर्मापासून आवरतो.

परंतु तोच विचार दुसऱ्याच्या दुःखास लाविला म्हणजे काय होतें? चोखामेळ्यांकडे पाहा. ते मंगळवेढ्याचे, विठ्ठलाचे परम भक्त. जातीनें महार म्हणून देवळाच्या आंत जाण्याची त्यांस मनाई. त्यांच्या नांवावरील एका अभंगांत असा भाव आहे कीं, पूर्वजन्मीं आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म मिळाला. दुसऱ्या एका अभंगांत तेच विचारतात कीं, विटाळ कोठें नाहीं? दुसऱ्या बोलांत आत्म्याची हांक ऐकूं येते. पहिल्यांत लोकांनीं शिकविलेलें उत्तर ऐकूं येतें. त्या उत्तराचा परिणाम पाहा. जो बाहेर ठेविला गेला तोच अपराधी ठरला, आणि ज्यांनीं दार लावून घेतलें त्यांच्याकडे हिशेब मागण्यास कोणी उरलें नाहीं.

ह्या उत्तरास त्याच लोकांतून प्रत्युत्तर मिळालें. सन 1842 मध्यें अहमदनगरास निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रांत सन 1855 सालीं मुक्ता साळवे हिचा निबंध छापला गेला. ती मांग जातीची, पुण्यास जोतीराव फुले ह्यांच्या शाळेंत शिकणारी लहान मुलगी होती. मांगमहारांच्या दुःखाचें कारण तिनें मागल्या जन्मांत शोधिलें नाहीं. माणसांनीं माणसांशीं केलेल्या वर्तनांत दाखविलें. पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं अस्पृश्यांविषयींचा सन 1948 मधील आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला त्यांत चोखामेळा एक होते. तरी गतजन्मींच्या कर्माचें मत त्यांनीं मानिलें नाहीं. त्यांच्या मरणानंतर सन 1957 सालीं प्रसिद्ध झालेल्या, बुद्ध व धम्म ह्यांवरील ग्रंथांत त्यांचें म्हणणें आहे कीं, अशा मतामुळें गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्य व समाज ह्यांच्या माथ्यावरून उतरते. आंबेडकर ख्रिस्ती झाले नाहींत, बौद्ध झाले. तथापि हा त्यांचा बोल आपण लक्ष देऊन ऐकावा.

आपल्या शास्त्रांतही हाच प्रश्न आला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायांत शिष्य एका जन्मांधास पाहून प्रभूस विचारतात कीं, पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारिलें. मग मातीचा लेप करून त्या मनुष्याच्या डोळ्यांस लाविला व त्यास शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास पाठविलें. शिष्यांची दृष्टि मागें होती, प्रभूची पुढें. ईयोबाचे मित्रही दुःखाचा हिशेब करूं लागले होते, आणि देवानें त्यांस बोल लाविला.

येथें आमच्या मंडळ्यांनीं आपल्याकडेही पाहिलें पाहिजे. आम्ही पुनर्जन्म मानीत नाहीं असें सांगतों. परंतु एखाद्या घरीं आजार आला कीं 'प्रार्थनेस येत नव्हते', 'देवानें शिक्षा केली', असें बोलणारे आमच्यांत थोडे नाहींत. हें तेंच जुनें मत नव्या देहांत परत आलें असें समजावें. एकानें मागल्या जन्माचें नांव घेतलें, दुसऱ्यानें देवाचें घेतलें. दुःखितावर दोष ठेवून आपण मोकळे होण्याची युक्ति दोघांची एकच.

ही नुसती वादाची गोष्ट नव्हे. वांकड्या पावलाच्या मुलास जन्मानंतर पहिल्या कांहीं आठवड्यांतच दाखविलें आणि दर आठवड्यास प्लास्टर बदलीत गेलें, तर बहुतेकांचीं पावलें सरळ होतात. पुढें कांहीं वर्षें पट्ट्याचे बूट वापरावे लागतात. 'भोग आहे' म्हणून घरीं बसल्यास ती वेळ निघून जाते. कुष्ठरोग पापाचें फळ मानीत. पण तो जंतूपासून होतो हें हॅन्सेन ह्यांनीं सन 1873 सालीं दाखविलें, आणि आज त्यावर सरकारी दवाखान्यांत फुकट औषध मिळतें. तशीच दुसरी लबाडी, 'तूं मागल्या जन्मीं माझी बायको होतीस' असें सांगून भोळ्या स्त्रियांस नाडणाऱ्या बुवांची. महाराष्ट्राच्या सन 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें ती गुन्हा ठरविली असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

तर मग आपण काय मानावें? आम्ही असें मानतों कीं, देवानें प्रत्येकास एकदांच ह्या जगांत पाठविलें. आत्मा देह बदलीत फिरत नाहीं, आणि मेलेल्यांचें पुनरुत्थान देवाच्या हातीं आहे. म्हणून हा एकच जन्म फार मोलाचा आहे, आपला आणि शेजाऱ्याचाही. शेजारी निराळें मानीत असेल तर त्याच्याशीं भांडूं नये. परंतु कोणाचेंही मत असो, त्यास एक कसोटी लावावी. दुःखी माणसाच्या दारांत तें मत आपणांस बाहेर उभें करितें, कीं आंत नेतें?

आमच्या उपदेशक बंधूंस विनंति आहे कीं, अशा घरीं गेल्यावर 'कां झालें' ह्याचें उत्तर देण्याची घाई करूं नये. तें उत्तर त्या आईस ठाऊक नाहीं, आणि तुम्हांसही नाहीं. तिच्याजवळ बसावें, मुलास मांडीवर घ्यावें, प्रार्थना करावी. आणि दवाखान्याचा वार कोणता तें विचारून, त्या दिवशीं तिच्याबरोबर जावें.