भेग पडणारच, पण कुठवर?

आदिलाबादेत घराच्या भिंतीची तक्रार केली की मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं: "काँक्रीट हाय भाऊ, भेग तर पडनारच. गिलावा मारून देतो." हे वाक्य मला फार दिवस खुपतं आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, हे इथे कुणालाच नवीन नाही. पण म्हणून भेग नशिबावर सोडायची?

काच क्षणात फुटते, लोखंड आधी ताणलं जातं. काँक्रीटची तऱ्हा निराळी. खडी आणि सिमेंटच्या सांध्यावर बारीक चिरा भार येण्याआधीच असतात. ताण वाढला की त्या एका पट्ट्यात जुळतात. तरी भेगेचे दोन्ही काठ खडी धरून ठेवते आणि ती पकड हळूहळू सुटते. हिलरबोर्ग या स्वीडिश अभियंत्याने १९७६ मध्ये ही सुटती पकडच गणितात आणली. म्हणून ताकद वेगळी, चिवटपणा वेगळा. भेग सुरू व्हायला लागतो तो ताण आणि ती पुढे सरकायला लागते ती ऊर्जा, या दोन गोष्टी आहेत.

'२८ दिवसांचा क्यूब पास आहे' म्हणून फाईल मिटवणाऱ्या इंजिनियरांशी माझं भांडण इथेच आहे. १५ सेंटिमीटरचा ठोकळा दाबून फोडायचा आणि ताणाने तडकणाऱ्या बांधकामाची हमी द्यायची! शिवाय त्याच काँक्रीटचं बांधकाम जितकं मोठं, तितकं ते जास्त ठिसूळपणे वागतं, हे बाझांत या संशोधकाने दाखवून कितीतरी वर्षं झाली.

अशा मोठ्या बांधकामाचं उदाहरण म्हणजे कोयनेचं धरण, १०३ मीटर उंच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात, खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीला, दोन्ही अंगांवर आडव्या भेगा पडल्या. धरण उभं राहिलं, पुढे त्याला टेकू देऊन मजबूत केलं. आज जगभरचे संशोधक आपलं भंगाचं गणित कोयनेच्या छेदावर तपासतात. त्यात नुसती ताकद घातली, तर गणितासाठी संगणकात धरणाचा छेद ज्या चौकटींच्या जाळीत विभागतात ती बारीक करताच उत्तर बदलतं. भंगाची ऊर्जा, म्हणजे भेग पुढे सरकायला लागते ती, घातली की ते बरंचसं स्थिर होतं.

हे सगळं मांडताना मिस्त्रीचं पहिलं वाक्य मला पटू लागलं आहे. भेग पडणारच, कोयनेलाही पडली. चूक आहे ती त्याच्या दुसऱ्या वाक्यात. गिलाव्याखाली भेगेचं टोक झाकलं जातं आणि ती सरकते आहे की थांबली, हे कळायची वाटच बंद होते. तेव्हा आधी त्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, पावसाळा सरल्यावर पुन्हा पाहा. भेग रेघेपुढे गेली असेल, तर मिस्त्रीला थांबवा आणि पाया तपासून घ्या.