पंचावन्नावी खेळी

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीचा १४वा, शेवटचा डाव. गुकेश आणि डिंग लिरेन, दोघांचेही साडेसहा गुण. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक जादा प्यादं होतं खरं, पण तेवढ्यावर डाव जिंकता येईल असं जाणकारांनाही वाटत नव्हतं. ५५व्या खेळीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणला. हत्तींची अदलाबदल झाली, पाठोपाठ उंटही पटावरून गेले. उरलेल्या प्याद्यांच्या खेळात ते एक जादा प्यादं पुरलं. ५८व्या खेळीला डिंगने हार मानली.

मग हा विजय कुणाचा? ‘आयता मिळाला’ असं म्हणणारे कमी नव्हते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव आहे, पण पाचवं! नशिबाचं नाव घेणारे मधली चेष्टा सोयीने विसरतात. बरोबरी समोर दिसत असताना अठरा वर्षांचा मुलगा तासन् तास रेटत राहिला, म्हणून तर डिंगच्या त्या चुकीला जागा झाली.

अर्थात केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्यालाही तोच अध्याय दुर्मती ठरवतो. आणि हा हिशेब डिंगच्या पराभवालाही लावावा लागतो. त्याच्या एका खेळीवर हसणाऱ्यांना ते फारसं रुचणार नाही.