घरचा पाठ आणि वर्गातला विचार

महाविद्यालयीन शिक्षणाची जी घडी आपण बहुतेकांनी अनुभवली, तिच्यात श्रवण समूहाने होई आणि मनन एकट्याने. प्राध्यापकांनी तासभर बोलावे, शंभर मुलांनी माना खाली घालून टिपणे उतरवावीत, आणि त्या टिपणांतून काही अर्थ काढण्याचे काम ज्याने त्याने रात्री आपल्या खोलीत करावे, असा तो शिरस्ता. हल्ली विद्यापीठांतून ‘फ्लिप्ड क्लासरूम’ या नावाने जी पद्धत रुजू पाहत आहे, ती हा शिरस्ता उलटा करते. व्याख्यान चित्रफितीवरून किंवा छापील पाठातून घरीच ऐकावे-वाचावे. वर्गात यावे ते उदाहरणे सोडविण्यासाठी, शंका काढण्यासाठी, एकमेकांचे म्हणणे तपासण्यासाठी. हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नाही, नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते. शिकण्यातला अवघड भाग माणसाने एकट्याने सोसावा, की तो सोसताना कोणी जवळ असावे असा त्याचा हक्क आहे?

पद्धतीचा उगम अगदी साधा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन व आरोन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शालेय शिक्षकांनी २००७ साली, गैरहजर मुलांची सोय व्हावी म्हणून, आपले पाठ चित्रित करण्यास आरंभ केला. त्याही आधी हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी व्याख्यान आखडते घेऊन विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालावयास लावले होते. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.त संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गात आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी असा क्रम योजून पाहिला गेला. दहा आठवड्यांतील तेरा प्रसंगांचे ते निरीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णतः वा बहुतांशी कामात गढलेले आढळले. व्याख्यानाच्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्या कोणासही हा आकडा नवलाचा वाटेल.

या पद्धतीचे पुरस्कर्ते बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ सालच्या वर्गीकरणाचा आधार घेतात. त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या आहेत. खालच्या दोन घरी चढाव्यात, वरच्या चार सर्वांनी मिळून, असा एकंदर हिशेब. येथे आपल्यापैकी कोणी तरी श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी पुढे करून ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणणार, हे आम्ही जाणून आहोत. त्या अभिमानात आम्हांस फारसे स्वारस्य नाही. परंतु न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असा जो भेद केला, तो मात्र येथे उपयोगी पडतो. जल्प जिंकण्यासाठी, वितंडा नुसती खोडण्यासाठी, आणि वाद तत्त्व ठरविण्यासाठी. वादाला दुसरा माणूस लागतो, आणि तोही जिज्ञासू लागतो. विचाराची उंच पायरी एकट्याने गाठणारे थोर पुरुष असतात. विद्यापीठ मात्र थोरांसाठी काढलेले नसते.

आम्हां कारकुनांना हे फाइलीवरून चांगले कळते. कनिष्ठाने कागद वाचावेत, पूर्वीचे दाखले जोडावेत, टिपणी लिहून वर पाठवावी, निर्णय वरचा. या कामात वर्षे गेली तरी माणूस विचार करावयास शिकेलच असे नाही. पण कधी समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा येतो. मग वरिष्ठांसमोर उभे राहून, आपणच लिहिलेल्या वाक्याचे समर्थन करण्याची पाळी येते. कागद आधी वाचलेले असतात म्हणूनच ती चर्चा होऊ शकते, आणि चर्चा होणार हे ठाऊक असले म्हणजे कागदही निराळ्या डोळ्यांनी वाचले जातात. उलटलेल्या वर्गाचे सारे मर्म आम्हांस त्या दोन शब्दांत दिसते.

तथापि ही चर्चा सुखाची नसते. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, स्वतः खटपट करावयास लावणाऱ्या वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नेमके उलट. विद्यार्थ्यांच्या पसंतीवर अध्यापकाची पारख करण्याची आजची रूढी या निष्कर्षापुढे डळमळीत होते. समजल्याचे समाधान आणि समज या दोन वस्तू आहेत, आणि शिक्षकाचे कर्तव्य दुसरीशी बांधलेले आहे, मग पहिली रुसली तरी चालेल. शिवाय २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी अवतरल्यापासून घरून लिहून आणलेला निबंध कोणाच्या विचाराचा, हे सांगणे कठीण झाले आहे. विचार समोरासमोर व्हावा, याला हे आणखी एक कारण.

इथवर आम्ही या पद्धतीच्या बाजूचे आहोत. आमची अडचण ‘घरी’ या शब्दाशी येते. घर म्हणजे कोणाचे घर? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत सुमारे ४२ टक्के आणि खेड्यांत सुमारे १५ टक्केच होती. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरला, हे खरे; पण मोबाईल म्हणजे कोपरा नव्हे. दोन खोल्यांत सहा माणसे, एक दूरचित्रवाणी, आणि पिंजौर-चंदीगड बसचा रोजचा प्रवास, यांत चाळीस मिनिटांचा पाठ सावधचित्ताने ऐकावयाचा कोठे? पाठ न ऐकता आलेला मुलगा चर्चेत गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे आळसात जमा होते.

ज्या पंजाब विद्यापीठात येथील मुले शिकावयास जातात, त्याचाच इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८८२ साली लाहोरास स्थापन झालेले हे विद्यापीठ १९४७ च्या फाळणीने बेघर झाले. मुख्यालय काही वर्षे येथून वर, काल्का-सिमला रेल्वेमार्गावरील सोलन गावी होते. चंदीगडचे आवार पुढे उभे राहिले. दरम्यान निर्वासित विद्यार्थ्यांसाठी दिल्लीत ‘कॅम्प कॉलेज’ निघाले आणि त्याचे वर्ग सायंकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करून पोट भरणारे पुष्कळ होते. त्या विद्यार्थ्याला कोणी ‘पाठ घरी करून ये’ म्हटले असते, तर ती क्रूर थट्टा झाली असती. त्याच्यापाशी जो एक शांत तास होता, तो वर्गातलाच होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पूर्वतयारीचा वेळ आणि जागा देणे हे संस्थेचे देणे आहे. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असावा, तेथे पाठ ऐकण्याची सोय असावी, छापील प्रतही मिळावी. हे न करता चित्रफीत धाडून मोकळे होणाऱ्या अध्यापकाने वर्ग उलटविला नाही. आपले काम विद्यार्थ्याच्या दारात नेऊन ठेवले, इतकेच.

आणखी एक गोष्ट. उच्च विचाराच्या उत्साहात पाठांतराची, माहितीची हेटाळणी करणारेही आता भेटतात. पिंजौरची मोगल बाग सतराव्या शतकात फिदाई खानाने बांधविली. तिच्यात माणूस सर्वांत वरच्या मजल्यावर प्रवेश करतो आणि एकेक मजला खाली उतरत जातो. बागेत हे शोभते. ज्याने कायद्याचे कलम वाचलेले नाही, त्याने त्याचे मूल्यमापन करावयास बसणे हे मात्र न वाचलेल्या फाइलीवर चर्चेस जाण्यासारखे आहे. तसे प्रसंग कचेरीत येतात, आणि त्या वेळी बहुधा सर्वांत मोठ्याने बोलणाराचेच म्हणणे ग्राह्य ठरते.