रंधा न मारलेली फळी

मनी प्लांटचं पान केवढं असतं, असं विचारलं तर बहुतेक जण तळहात दाखवतील. खिडकीच्या गजांवरून किंवा कपाटावरच्या बाटलीतून खाली लोंबणारा वेल तेवढंच पान देतो. तोच वेल एखाद्या झाडावर चढला, की पान वाढत वाढत हातभर होतं, त्याला कडेपासून चिरा पडतात आणि हा आपल्या घरातलाच वेल आहे यावर विश्वास बसत नाही. जात तीच, फरक फक्त आधाराचा. लोंबता वेल कितीही लांब वाढला तरी बाल्यावस्थेतच राहतो. हे कळल्यापासून कुंडीत फळी रोवणं मला सजावटीचं काम वाटेनासं झालं आहे.

भिवंडीत फळीला तोटा नाही. माणकोलीपासून राहनाळ-काल्हेरपर्यंत गोदामंच गोदामं, आणि परदेशी माल ज्या पाइनच्या पॅलेटवरून येतो ती पॅलेट पुढे भंगारात निघतात. घेताना शिक्का पाहावा. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल, तर ते लाकूड कीड मारण्यासाठी गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ती फळी घरात आणू नये.

पाइन कशाला, साग घ्या, असं कुणीही सुचवील. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची पहिली जहाजं इथल्याच खाडीत बांधायला सुरुवात केली. जहाजाला साग हवा, कारण सागातलं तेल पाण्याला आत शिरू देत नाही. वेलाच्या फळीकडून अपेक्षा नेमकी उलटी आहे: तिने पाणी प्यावं आणि ओल धरून ठेवावी. मातीत गाडलेला पाइन काही वर्षांत कुजणार, हे मान्य करूनच मी तो निवडतो.

चार-पाच इंच रुंद, तीन फूट उंच, पाऊण इंच जाड फळी पुरते. खालच्या टोकाला एक आडवी पट्टी स्क्रूने आवळायची, म्हणजे मातीचा भार पट्टीवर येतो आणि फळी कलत नाही. “रंधा मारून देऊ का?” असं सुतार आपुलकीने विचारतो. त्याला नको म्हणावं. पॉलिश नको, रंगही नको.

कारण वेलाकडे जवळून पाहिलं की कळतं. प्रत्येक पेरापाशी, पानाच्या पाठच्या बाजूला, तपकिरी टोचऱ्या कोंबासारखं एक हवाई मूळ असतं. कोरड्या हवेत ते तसंच सुकून बसतं. ओलं, खरबरीत लाकूड लागलं की लांबतं, चपटं होतं आणि लाकडाच्या रेषांमध्ये बारीक केसांनी रुतून बसतं. नंतर सोडवू गेलं तर मूळ तुटतं, पकड सुटत नाही. म्हणूनच फळी आधी आणि वेल नंतर. पानमळा लावणारे शेतकरी नागवेलीआधी शेवरी, पांगारा लावतात, त्यामागे पिढ्यांचं हेच शहाणपण आहे.

वेलाला पाठ आणि पोट असतं, हेही ध्यानात घ्यावं. मुळांची बाजू फळीला, पानांची खिडकीकडे. बांधायचं ते खोड, देठ नव्हे, आणि तेही सैल. मागावरच्या सुती चिंध्या या गावात जागोजागी मिळतात. तारेपेक्षा त्या कितीतरी बऱ्या.

आपल्या साहित्याने वेलीला वधू मानलं. कालिदासाच्या शकुंतलेने आपल्या लाडक्या वेलीला वनज्योत्स्ना हे नाव दिलं आणि आम्रवृक्ष तिचा पती ठरला. चित्र सुंदर आहे, पण त्यातून वेल म्हणजे दुबळी, असा समज रुजला तो मला पटत नाही. चार्ल्स डार्विनने चढत्या वनस्पतींवरचा प्रबंध 1865 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तो म्हणतो की कमीत कमी द्रव्य खर्चून प्रकाशापर्यंत पोचता यावं म्हणून या वनस्पती चढतात. जाड खोड उभारण्याचा खर्च वाचवायचा आणि तो पानांवर करायचा, हा विचारी हिशेब आहे. बांडगूळ आंब्याचा रस ओढतं. मनी प्लांट फळीकडून टेकण्यापुरती जागा आणि थोडी ओल एवढंच घेतो. आधार घेणाऱ्या प्रत्येकाला बांडगूळ म्हणण्याची आपली सवय अन्यायाची आहे.

फळीने सगळं साधतं असंही नाही. हा वेल मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. 1964 नंतर लागवडीत तो आपणहून फुलल्याची नोंद नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कारण सापडलं: जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं तयार करता येत नाही. ते बाहेरून फवारल्यावर फुलं आली. म्हणजे पानाचा आकार आधारावर ठरतो, फुलाचं मात्र तसं नाही.

पावसाळ्यात इथली हवाच फळी ओली ठेवते. मार्च ते मे मात्र सकाळी फळीवर पाणी फवारायला विसरू नये. शेंडा फळीच्या वर गेला की मागून दुसरी फळी जोडावी, किंवा दोन पेरं ठेवून शेंडा कापावा आणि त्याच कुंडीत फळीच्या पायथ्याशी लावावा. खाली उघडं पडलेलं लाकूड त्याने पुन्हा भरून येतं.